चौथा सांगणारा

आमच्या इंग्रजीच्या सरांना "सर, बेल झाली" असं सांगायची सोय नव्हती. ते लगेच विचारायचे, "कुणी सांगितलं?" शिपायाने. शिपायाला कुणी सांगितलं? हेडमास्तरांनी. त्यांना कुणी सांगितलं? घड्याळाने. "मग घड्याळावर विश्वास ठेवला असं म्हण. तू स्वतः काय पाहिलंस?" एवढं होईपर्यंत मराठीच्या बाई दारात येऊन ताटकळत असायच्या आणि त्यांच्या कवितेचं पहिलं कडवं बुडालेलं असायचं.

ही सवय शाळेपुरती नव्हती. मच्छीबाजारात एकदा आईच्या आणि माझ्या देखत त्यांनी मासळीवालीला विचारलं, "बोंबील ताजा आहे हे कोण म्हणतं?" ती बाई जराही गडबडली नाही. म्हणाली, "बोंबीलच बोलतंय मास्तर, वाका जरा खाली." आणि सर खरोखरच वाकले. टोपलीशी कान नेऊन दोन क्षण थांबले, मान डोलावली आणि बोंबलांचा एक वाटा घेतला. आई घरी येईपर्यंत हसत होती. "हा माणूस तुम्हाला इंग्रजी शिकवतो?" तिने विचारलं. शिकवतो की आणखी काही करतो, हे मलाही नीट सांगता आलं नाही.

भिवंडीत तेव्हा आमच्या शाळेच्या दोन्ही बाजूंना यंत्रमागाचे कारखाने होते. दिवसभर खटखट चालायची. बाकीचे शिक्षक त्यावर आवाज चढवून बोलायचे आणि दिवाळीपर्यंत त्यांचे घसे बसायचे. सर मात्र हळू बोलायचे. ऐकायचं असेल तो पुढे येईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्या तासाला आम्ही दोन दोन बाकं पुढे सरकवून, एकमेकांच्या अंगावर बसल्यासारखे बसायचो.

पाठ्यपुस्तक ते पावसाळ्यातच उरकून टाकायचे. पुढचं सगळं वर्ष त्यांच्या एका जुन्या, जाड इंग्रजी पुस्तकाचं. त्याचं मुखपृष्ठ गेलेलं, पहिली काही पानंही गेलेली. कुणी लिहिलं ते सरांना माहीत नव्हतं आणि ते माहीत नाही याचाच त्यांना आनंद होता. पुस्तकात एक पडका वाडा होता, धुकं होतं, रात्रीबेरात्री वाजणारी पावलं होती. नववीतल्या मुलांना आणखी काय हवं! पण सरांना भुताशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना भुताची गोष्ट कोण सांगतंय, यातच रस.

तिथेच आमचा गोंधळ सुरू व्हायचा. गोष्ट एका प्रवाशापासून सुरू होते. हा प्रवासी बर्फात अडकतो आणि एका खानावळीत उतरतो. खानावळवाला त्याला गोष्ट सांगतो, पण ती त्याची नसतेच, एका पाद्र्याने त्याला सांगितलेली असते. पाद्र्याला ती सांगितलेली असते वाड्यातल्या म्हाताऱ्या माळ्याने, मरायच्या आधी. म्हणजे वाड्यात खरोखर राहिलेला एकटा माळीच. बाकी तिघं नुसते मध्ये उभे.

सरांचा नियम असा, की "तो म्हणाला" हे शब्द वर्गात काढायचे नाहीत. जो सांगतो तो "मी". सर दाराशी उभे राहिले की ते प्रवासी. खुर्चीवर बसले की खानावळवाले. खिडकीशी गेले की पाद्री. आणि फळ्याखालच्या चौथऱ्याच्या कडेला पाय खाली सोडून बसले की माळी. चौघंही "मी, मी" करत बोलायचे. जागा बघायची आणि ओळखायचं. सर भराभर जागा बदलायला लागले की आमच्या माना टेनिस बघितल्यासारख्या फिरायच्या, आणि मागून कुणीतरी कुजबुजायचं, "आता कुठला मी?"

आम्हाला कळावं म्हणून एकदा त्यांनी घरून एकात एक बसणारे डबे आणले. मोठा डबा प्रवासी, त्याच्या आतला खानावळवाला, त्याच्या आतला पाद्री. अगदी आतला उघडला तर त्यात सुका जवळा होता. सरांच्या बायकोने, काकूंनी, भरून ठेवलेला, सरांनी बघितलाच नव्हता. वर्गभर वास सुटला. कल्पना छान होती, पण त्यानंतर आम्हाला माळी म्हटलं की जवळाच आठवायला लागला.

सहामाहीला त्यांनी प्रश्न घातला होता: एका गोष्टीला एवढी माणसं कशाला लागतात? मी लिहिलं, पुस्तक जाड व्हावं म्हणून. सरांनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला. मला वाटलं आता माझी धुलाई होणार. ते म्हणाले, "हिने निदान विचार केलाय." मग पेपर हातात तसाच धरून, आमच्याकडे न बघता म्हणाले, "थेट सांगता येण्यासारखं असतं, तर हे पुस्तक दोन पानांत संपलं असतं." आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. अर्थ कुणालाच कळला नव्हता.

आता आमच्या शाळेतली एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. कारखान्यातली शिफ्ट सकाळी बदलायची, त्याच सुमाराला शाळा भरायची. ज्यांचे वडील मागावर होते ती मुलं त्यांना भाकरी पोचवून मगच शाळेत यायची. त्यांना उशिराची शिक्षा नव्हती. त्यांनी मागच्या दाराने, आवाज न करता यायचं आणि शेवटच्या बाकांवर बसायचं. कुठल्याही शिक्षकाने त्यांना काही म्हणायचं नाही, असं जणू ठरलेलंच होतं. इंग्रजीचा तास पहिला. त्यामुळे प्रवासी, खानावळवाला आणि पाद्री होऊन जायचे आणि मागची बाकं भरायची ती थेट माळ्याच्या वेळेला.

त्यातलाच काशिनाथ. कामतघरचा. केसांत कापसाचे तंतू घेऊनच यायचा, बापाच्या मागाजवळून येताना चिकटलेले. धाप लागलेली असायची, पण कान टवकारलेले. त्याला जागांची भानगड कुणी समजावली नव्हती. तो यायचा तेव्हा सर चौथऱ्यावर बसलेले असायचे आणि सांगत असायचे.

त्या दिवशी सर माळी होऊन बसले ते नेहमीसारखे नाही. पुस्तक खुर्चीवरच राहिलं होतं. पाय हलत नव्हते. म्हणाले, "आमच्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती. तिला बाहेरून कडी. आत एक बाई होती. तिला बाहेर सोडायचं नाही असं मोठ्यांनी ठरवलं होतं. का ते आम्हाला सांगितलं नव्हतं. तिला जेवण दाराखालच्या फटीतून द्यायचं. फटीतून ताट जात नाही. म्हणून भाकरी. मी भाकरी सरकवायचो. ती अर्धी तोडून परत बाहेर सरकवायची. म्हणायची, तू खा."

इंग्रजांच्या वाड्यात भाकरी कुठून आली, असं आमच्यातल्या कुणालाही वाटलं नाही. सर नेहमीच आमच्यासाठी गोष्टीतल्या वस्तू बदलायचे. बग्गीचा टांगा करायचे, सुपाचं सार करायचे. पावाची भाकरी केली असेल, इतकंच. मी तर त्या माळ्याचं सोंग किती छान वठलंय, म्हणून खूश होते. सर मध्येच थांबले.  बेल झाली तेव्हा ती कुणी वाजवली हेसुद्धा न विचारता ते पुस्तक उचलून निघून गेले.

काशिनाथने घरी जाऊन सांगितलं, सरांच्या घरात बाई कोंडलेली आहे, तिला फटीतून भाकरी देतात. त्याच्या बापाने ते मागावर सांगितलं. एका मागावरून ते दुसऱ्यावर गेलं, दिवसपाळीने जाता जाता रातपाळीला दिलं. सकाळपर्यंत त्या बाईच्या पायात साखळी आली. मग ती सरांची पहिली बायको झाली. मग म्हणे ती बायको नव्हेच, शाळेतलीच एक मुलगी, गेल्या वर्षी नाव काढून घेतलेली. एक गृहस्थ शपथेवर सांगत होते की कोन गावाला सरांच्या घरावरून जाताना त्यांनी स्वतः किंकाळी ऐकली. हे गृहस्थ आयुष्यात कधी कोनला गेले नव्हते, हे त्यांच्याच मुलीने मला मधल्या सुट्टीत सांगितलं.

दोन-तीन दिवसांत शाळेच्या फाटकाशी पालक जमले. बायका पुढे, पुरुष मागे. "ऐसे मास्टर को बच्चे दे के रखे क्या हम?" एक जण ओरडला. "पोलिसात देऊ!" दुसरा. हेडमास्तर गणिताचे. त्यांनी सरांना खोलीत बोलावलं आणि वर्गाची मॉनिटर म्हणून मला आणि गोष्ट घरी नेणारा म्हणून काशिनाथला भिंतीशी उभं केलं.

"ही गोष्ट पुस्तकातली आहे, एवढं एक वाक्य बोला," हेडमास्तर म्हणाले. "मी बाहेर जाऊन सांगतो. लोक घरी जातील. नाहीतर तुमची नोकरी काही मला वाचवता येणार नाही."

मला वाटलं सर विचारतील, पुस्तकातली आहे हे कोण म्हणतं? पण ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले.

"अहो, बोला ना!"

"पुस्तक देतो," सर म्हणाले. "तुम्हीच वाचा."

हेडमास्तरांनी पुस्तक घेतलं, रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कपाळ चोळत परत केलं. त्यांना ते झेपलं नव्हतं. "पहिल्या प्रकरणात एक मी आहे, दुसऱ्यात दुसराच मी निघाला. मी कुठल्या मीच्या मागे जाऊ?" त्या पुस्तकात कोंडलेली बाई होती की नव्हती, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. सर काही बोलत नव्हते, आणि एरवी एवढं बोलणारा माणूस गप्प बसला म्हटल्यावर हेडमास्तरांनाही संशय यायला लागला. मी घाबरले. सरांची नोकरी जाणार, हे मला दिसत होतं, आणि एका साध्या वाक्याने ती वाचत असताना हा माणूस तोंड का उघडत नाही, ते समजत नव्हतं. रागच आला मला त्यांचा.

शेवटी प्रकरण शाळेच्या चेअरमनसाहेबांकडे गेलं. साहेब जुन्या खानदानी घरातले, त्यांचे स्वतःचे कितीतरी माग. पांढरा कुर्ता, हातात काठी, बोलणं अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. कमिटीतले लोक म्हणत होते, राजीनामा घ्या आणि मिटवा. साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमने देखा क्या? तुमने? नाही ना? या गावात ऐकीव गोष्टीचं काय होतं ते मी या डोळ्यांनी बघितलंय. घरं जळतात. मी आधी जाऊन बघतो. बाई असेल तर मास्तर तुरुंगात. नसेल तर मास्तर वर्गात. बात खतम."

सरांना हेडमास्तरांच्या खोलीत बसवून ठेवलं आणि साहेबांच्या मोटारीतून आम्ही कोनला गेलो. पुढे साहेब, मागे हेडमास्तर आणि आम्ही दोघं. काशिनाथ पहिल्यांदाच मोटारीत बसला होता. तो काचेला नाक लावून होता. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, "मी खोटं न्हाय बोललो हां. सर बोलले तेच सांगलं."

घर रस्त्याला लागून, कौलारू, अंगणात शेवग्याचं झाड. काकू धुणं वाळत घालत होत्या. जाडजूड, हसऱ्या. शाळेतून एवढी माणसं आली म्हणताच त्यांनी पहिलं काही विचारलं तर, "यांना बरं आहे ना?" हेडमास्तरांनी "हो हो, सहजच आलो" म्हणून घाम पुसला. साहेब मात्र सरळ बोलणारे. म्हणाले, "बहेनजी, माफ करा. मला तुमचं घर आतून बघायचंय. मागची खोली आधी."

काकूंनी जरा त्यांच्याकडे बघितलं आणि पदर खोचून पुढे झाल्या. "बघा की. लपवायला आहे काय!"

आम्ही त्यांच्या मागून गेलो. मागच्या खोलीत कांदे पसरलेले, एका कोपऱ्यात लाकडं, दोरीवर गोधड्या. बाई नव्हती, साखळी नव्हती. मला इतकं हायसं वाटलं की रडूच यायला लागलं. साहेब मात्र चौकटीपाशी थांबले होते. काठीने वर टोचून बघत होते. चौकट होती, बिजागऱ्या होत्या, दार नव्हतं. मधल्या खोलीलाही नव्हतं. स्वयंपाकघरालाही नव्हतं. सगळीकडे मागावरच्या कापडाचे पडदे.

"दारं कहाँ गयी?" साहेबांनी विचारलं.

काकू हसायला लागल्या. "विचारू नका. या घरात आलो त्याच दिवशी यांनी आतली सगळी दारं उपटली. पोटमाळ्यावर पडलीत. बंद दार म्हणून चालत नाही यांना. न्हाणीघरालासुद्धा पडदाच. पाहुणे आले की मला मेलीला पहारा द्यावा लागतो. किती भांडले! ऐकायलाच तयार नाहीत."

हेडमास्तरही हसले, खूप दिवसांनी. "चला, काही नाही इथे. लिहून टाकू." काकूंनी चहा टाकला. सगळे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसले. कपबशा वाजायला लागल्या आणि मला वाटलं, संपलं.

काशिनाथचा मात्र जीव टांगणीलाच होता. घर बघून झालं होतं, बाई नव्हती, म्हणजे सगळं गाव आता त्यालाच खोटं पाडणार. तो कप खाली ठेवून म्हणाला, "काकी, मंग ती बाई गेली कुठं?"

"कुठली रे बाई?"

"सर बोलले त्यांचे घरान व्हती ती. मागचे खोलीन. भायेरशी कडी लावलेली."

"अरे, गप बस," हेडमास्तर म्हणाले. "अहो, काही नाही. पुस्तकातली गोष्ट आहे, मुलांचा घोटाळा झालाय."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "काय सांगितलं सरांनी? सगळं सांग."

काशिनाथने सांगितलं. प्रवासी नाही, खानावळवाला नाही, पाद्री नाही. ते त्याने कधी ऐकलेच नव्हते. त्याने सरळ खोलीपासून सुरुवात केली. मोठ्या माणसांनी कोंडलेली बाई, खालची फट, ताट जात नाही म्हणून भाकरी. "सर तवा ल्हान व्हते. सर भाकर ढकलाचे. ती अर्धी तोडून परत भायेर द्याची. तू खा, बोलाची."

काकू उभ्या होत्या, त्या हळूच खाली बसल्या. चहाचं भांडं हातात तसंच.

"हे वर्गात सांगितलं त्यांनी?"

"व्हय."

"सासूबाई कशा गेल्या हे मी लग्न झाल्यापासून विचारतेय," काकू म्हणाल्या. "एवढंच सांगतात, आजारी होती. पुढे विचारलं की ताटावरून उठून जातात. गावच्या घरी मला एकदाही नेलं नाही. मी म्हणायची, हा माणूस दगड आहे, स्वतःच्या आईसाठी डोळ्यांतून टिपूस काढत नाही."

"अहो, पण ते पुस्तकात..." हेडमास्तरांनी पुन्हा सुरुवात केली.

"पुस्तकात भाकरी असते का हो, इंग्रजांच्या?"

 माझ्या डोक्यात सगळं गरगरायला लागलं. आम्ही वेळेवर येणारे, पुढच्या बाकांवरचे. कोण कुठल्या जागेवरून बोलतो ते आम्हाला पाठ होतं. त्यामुळे सर बोलत होते ते आम्हाला ऐकूच आलं नव्हतं. उशिरा आलेल्या काशिनाथला तेवढं ऐकू आलं होतं. त्याने गावभर चुकीचं पसरवलं ते खरंच, पण चुकीचं ऐकलं होतं असं मला आता म्हणता येईना.

"परत सांग," काकू त्याला म्हणाल्या.

काशिनाथ बावरला. मला वाटलं आपण मदत करावी. मी म्हटलं, "काकू, ते असं आहे, सुरुवातीला एक प्रवासी असतो, तो बर्फात..." काकूंनी हात हलवला. "ते राहू दे गं. त्यांचंच सांग."

हेडमास्तर उठायला लागले होते. साहेबांनी काठीनेच त्यांना खाली बसवलं. काशिनाथने पुन्हा सगळं सांगितलं, तेच, तसंच. या वेळी काकू रडल्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी करत राहिले. चहा कुणीच प्यायला नाही.

परत येताना मोटारीत साहेब एकदाच बोलले. हेडमास्तरांना म्हणाले, "लिहा, घर बघितलं, कोणीही बाई कोंडलेली नाही. सच्ची बात है. फाटकावर मी स्वतः सांगतो. मास्तर उद्यापासून तासावर." मग मागे वळून आम्हाला म्हणाले, "और तुम दोनों. आज तिथे काय ऐकलं, ते कुठे बोलायचं नाही. घरी नाही, कारखान्यात नाही." काशिनाथने गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. त्याने ती पाळली, हे मला माहीत आहे, कारण नंतर कितीतरी दिवस कामतघरची मुलं त्याला खोटारडा म्हणून चिडवत होती आणि तो खाली मान घालून ऐकून घेत होता.

सर हेडमास्तरांच्या खोलीत जिथे बसवले होते तिथेच बसलेले होते. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सब ठीक है मास्तर. घर बघितलं. चहा मस्त होता."

"आणखी काही?" सरांनी विचारलं.

"आणखी काय?" साहेब म्हणाले. "घरी जा आता."

सरांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघंही जमिनीकडे बघत होतो. ते पिशवी उचलून बाहेर पडले आणि स्टँडच्या दिशेने चालायला लागले. फाटकाशी थांबलेले लोक बाजूला झाले. नोकरी वाचल्याने त्यांची चाल हलकी झाली होती. मध्येच त्यांनी एका लहान मुलाचा गालगुच्चा घेतला. तिकडे घरी काकू बसल्या होत्या आणि त्यांना सगळं कळलं होतं. ते सरांना माहीत नव्हतं.

धावत जाऊन त्यांना गाठावं, सांगावं, असं मला वाटलं. मग वाटलं, नको, बिचारे आत्ता कुठे सुटलेत. मग वाटलं, असं काही माहीत नसताना दारात जाऊन उभं राहणं त्याहून वाईट. मी फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. सर कोपऱ्यावरून वळले आणि दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी ते तासाला आले, पुढेही कितीतरी वर्षं शिकवत राहिले, पण त्या संध्याकाळी त्या घरात कोण काय बोललं, की दोघंही गप्पच बसले, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. आणि मी तेव्हा धावायला हवं होतं का, तेही मला अजून कळत नाही.